बसच्या बॅटरीतला एक कच्चा सांधा: लेझर वेल्डिंगवर प्रकाशाचा पहारा कसा चालतो?

ठाणे परिवहन सेवेच्या ताफ्यात फेब्रुवारी २०२३ पासून विजेवर चालणाऱ्या बस यायला लागल्या. करार १२३ बसचा होता. त्याच वर्षी १६ ऑगस्टला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम ई-बस सेवा' ही योजना मंजूर केली. देशभरात १० हजार ई-बस आणायच्या, असं तिचं स्वरूप. या योजनेतून बस घेणाऱ्या शहरांमध्ये कल्याण-डोंबिवलीही आहे.

प्रवाशांमध्ये या बसची चर्चा होते ती एसी नीट चालतो का, गाडी वेळेवर येते का आणि घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत ती किती आदळते, एवढीच. बसमधला सगळ्यात महागडा भाग म्हणजे बॅटरी, आणि ती डोळ्याआड असते. त्या बॅटरीत शेकडो छोटे सांधे असतात. यातले बरेचसे सांधे लेझरने वेल्ड केलेले असतात आणि एकेक सांधा तयार व्हायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

इतक्या वेगात झालेला सांधा पक्का आहे की कच्चा, हे कसं ओळखायचं? यावर जगभरच्या कारखान्यांनी शोधलेलं एक उत्तर असं आहे: वेल्डिंग होत असताना तिथून जो प्रकाश बाहेर पडतो, तोच वाचायचा. हे तंत्र काय आहे, त्यावर किती विसंबायचं आणि वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या छोट्या गाळेवाल्यांचा त्याच्याशी काय संबंध, ते पाहू.

३६० सांधे, आणि एक हिशेब

ई-बसमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे सेल मोठ्या प्रमाणावर वापरतात. असा एक सेल साधारण ३.२ व्होल्ट देतो. बसच्या मोटरला काहीशे व्होल्ट लागतात. म्हणजे १८० सेल एकामागोमाग जोडले, तर सुमारे ५७६ व्होल्ट मिळतात. प्रत्येक सेलला दोन टोकं, प्रत्येक टोक धातूच्या पट्टीला जोडलेलं. पट्टीला कारखान्यात 'बसबार' म्हणतात. १८० सेल म्हणजे किमान ३६० सांधे.

हे सगळे सांधे एका माळेत असतात. दिवाळीच्या जुन्या लाइटच्या माळेसारखे: सगळा करंट प्रत्येक सांध्यातूनच जाणार, बाजूने वाट नाही.

आता समजा कारखाना उत्तम आहे आणि १० हजार सांध्यांत फक्त एक कच्चा निघतो. ऐकायला हे प्रमाण नगण्य वाटतं. पण ३६० सांध्यांच्या बॅटरीत किमान एक सांधा कच्चा असण्याची शक्यता येते साडेतीन टक्के. अशा १०० बस घेतल्या, तर तीन-चार बसमध्ये एखादा कच्चा सांधा बसलेला असेल. हा फक्त गणिताचा भाग आहे, ठाण्यात धावणाऱ्या बसबद्दलचं विधान नव्हे. पण बॅटरी बनवणारे 'दहा हजारांत एक'वर समाधान का मानत नाहीत, ते यातून कळतं.

कच्चा सांधा म्हणजे तुटलेला सांधा असंही नाही. तुटलेला असता तर बस सुरूच झाली नसती आणि दोष कारखान्यातच सापडला असता. खरी डोकेदुखी अर्धवट चिकटलेल्या सांध्याची. त्याचा रोध चांगल्या सांध्यापेक्षा ०.२ मिलीओहम जास्त आहे असं धरू. बस चढ चढताना २०० अँपिअर करंट ओढते, तेव्हा त्या एका ठिपक्यावर ८ वॅट उष्णता तयार होते. घरातल्या छोट्या एलईडी बल्बला लागते तेवढी वीज, पण सगळी काही मिलिमीटरच्या जागेत आणि सेलला चिकटून. त्यात रोजचे हादरे. सांधा हळूहळू आणखी सैल होतो, रोध आणखी वाढतो, उष्णताही वाढते. कारखान्यातून पास होऊन निघालेली बॅटरी दोन वर्षांनी त्रास देते, त्यामागे असं कारण असू शकतं.

बॅटरीतला वेल्ड किती महाग पडू शकतो, याचं एक उदाहरण बहुतेकांच्या लक्षात असेल. २०१६ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ हा फोन पेट घ्यायला लागला आणि विमानात 'हा फोन सोबत असेल तर बंद ठेवा' अशा सूचना होऊ लागल्या. सुमारे २५ लाख फोन परत मागवले गेले, बॅटरी बदलून दिल्या, तरी आगी थांबल्या नाहीत आणि शेवटी उत्पादनच बंद झालं. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारणं जाहीर केली. पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत रचनेचा दोष होता. दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीत मात्र वेल्डिंगच्या ठिकाणी धातूचे टोकदार कंगोरे राहिले होते आणि त्यांनी आतला पडदा भेदला होता. ते वेल्डिंग लेझरचं नव्हतं, ध्वनिलहरींचं होतं. पण मुद्दा तोच: जगातली एक मोठी कंपनी, आणि अडली वेल्डच्या कंगोऱ्यावर.

लेझरच का?

लेझरला एक मराठी मुलखाचा धागा आहे. पहिला लेझर १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी चालवला. पण धातू कापायला आणि जोडायला पुढची कित्येक दशकं जो लेझर राबला, तो कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये बनवला कुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीचा, आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात झालेलं. आज कारखान्यांत त्या लेझरची जागा बहुतांशी फायबर लेझरने घेतली आहे. त्याचा प्रकाश साधारण १,०७० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो.

बॅटरीत लेझर वापरण्याची कारणं सरळ आहेत. सेलच्या टोकाला जास्त उष्णता चालत नाही, आतलं रसायन बिघडतं. लेझर उष्णता अगदी थोड्या जागेत, थोडा वेळ देतो. दाब द्यावा लागत नाही, झिजणारं टोक नाही, आणि आरसे हलवून एका जागेवरून दुसऱ्या जागेवर किरण क्षणात नेता येतो.

अडचण धातूंची आहे. बॅटरीत तांबं आणि ॲल्युमिनियम लागतं, आणि फायबर लेझरच्या प्रकाशासाठी हे दोन्ही धातू जवळजवळ आरसेच. थंड, स्वच्छ तांबं या प्रकाशातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतं. त्यामुळे सुरुवातीला जोर जास्त लावावा लागतो. पण तांबं वितळलं की ते अचानक जास्त ऊर्जा शोषायला लागतं. गाडी चढावर ढकलत असताना एकदम उतार लागावा, तसं होतं. मग धातूचे थेंब उडतात, भोकं पडतात. निळ्या किंवा हिरव्या प्रकाशाचे लेझर तांब्यात चांगले शोषले जातात, म्हणून ते आता येत आहेत. पण ते महाग आहेत, आणि देखरेखीची गरज त्यांनाही आहेच.

सांध्यात नेमकं होतं काय

लेझरचा किरण एका ठिपक्यावर एकवटला की, दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० लाख वॅटच्या पुढे, धातू नुसता वितळत नाही, त्याची वाफ होते. ही वाफ आजूबाजूचा वितळलेला धातू ढकलते आणि मध्ये एक अरुंद, खोल भोक तयार होतं. याला 'कीहोल' म्हणतात, म्हणजे किल्लीचं भोक. किरण या भोकात शिरतो, आतल्या भिंतींवर आपटत खाली जातो आणि खोलवर धातू वितळवतो. किरण पुढे सरकला की मागचं भोक भरून येतं आणि सांधा गोठतो.

हे भोक शांत नसतं. ते सेकंदाला हजारो वेळा थरथरतं, अधूनमधून मिटतं. मिटताना आत वाफ अडकली तर सांध्यात पोकळी राहते. किरण पुरेसा खोल गेला नाही, तर खालचा पत्रा जोडलाच जात नाही. जास्त खोल गेला तर सेलचं आवरण भेदलं जातं, आणि ते आवरण पातळ असतं. दोन पत्र्यांमध्ये केसाएवढी फट राहिली, पृष्ठभागावर तेलाचा डाग राहिला, किरणाचा फोकस किंचित सरकला, तरी सांधा बिघडतो.

साध्या वेल्डिंगमध्ये अनुभवी वेल्डर हे सगळं डोळ्यांनी आणि कानांनी ओळखतो. काचेआडून तो वितळलेल्या धातूचा रंग बघतो, हात सावरतो. भजी तळताना कढईतून येते तशी एकसारखी चरचर ऐकू आली, की वेल्ड बरा चालला आहे हे त्याला न बघताही कळतं. लेझरच्या सांध्याला जेमतेम काही दशक मिलिसेकंद मिळतात. माणसाची प्रतिक्रिया यायच्या आत अख्खा सांधा होऊन गेलेला असतो. कानांना आणि डोळ्यांना इथे कामच उरत नाही.

प्रकाश काय सांगतो?

मग वेल्डरच्या डोळ्याची जागा कुणी घ्यायची? सगळ्यात रुळलेलं उत्तर म्हणजे फोटोडायोड. प्रकाश पडला की वीज देणारा हा छोटासा भाग टीव्हीच्या रिमोटचा सिग्नल टिपणाऱ्या यंत्रणेतही असतो. लेझर ज्या भिंगांतून खाली जातो, त्याच वाटेने सांध्याचा प्रकाश परत वर येतो. तो आरशाने बाजूला वळवून तीन भागांत वाटतात.

पहिला भाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा, साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. हा मुख्यतः वर उठणाऱ्या तप्त वाफेतून येतो. वाफ एकदम वाढली किंवा थेंब उडाले, की इथे उसळी दिसते. दुसरा भाग लेझरचाच, धातूवरून परत आलेला, १,०७० नॅनोमीटरच्या आसपासचा. तो वाढला तर किरण आत शिरत नाही, धातू अजून आरसाच आहे. तिसरा भाग त्याहून लांब लहरींचा, म्हणजे उष्णतेचा. वितळलेला धातू किती तापला आणि किती पसरला, याचा अंदाज त्यातून येतो.

हे तीन सिग्नल सेकंदाला ५० हजार वेळा नोंदवले, तर दर २० मायक्रोसेकंदाला एक नोंद मिळते. एक सांधा ६० मिलिसेकंदांचा धरला, तर एका सांध्याच्या ९ हजार नोंदी. ३६० सांध्यांच्या बॅटरीमागे ३२ लाखांहून जास्त. एवढे आकडे माणूस वाचत नाही. चांगल्या सांध्यांचे शेकडो आलेख घेऊन त्यांच्या वर-खाली एक पट्टा आखतात. नवा आलेख पट्ट्याच्या बाहेर गेला की मशीन लाल दिवा लावतं. डॉक्टर ईसीजीची रेघ बघतात, साधारण तसंच. जर्मनीच्या प्रेसिटेकसारख्या कंपन्या अशा यंत्रणा बऱ्याच वर्षांपासून विकत आहेत. तंत्र नवं नाही. नवी आहे ती बॅटरीमुळे आलेली गरज.

फोटोडायोडची मर्यादा अशी की तो खोली मोजत नाही. 'काहीतरी वेगळं झालं' एवढंच सांगतो. काय वेगळं झालं, ते अनुभवावरून ओळखायचं.

खोली थेट मोजणारं तंत्र आलं ते वेगळ्याच ठिकाणाहून. मधुमेह असलेल्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात 'ओसीटी' स्कॅन करायला सांगतात. हनुवटी टेकवून आत बघायचं, आणि पडद्यावर डोळ्याच्या मागच्या पडद्याचे थर दिसतात. ठाण्यात, डोंबिवलीत हे स्कॅन आता सहज होतं. १९९१ मध्ये अमेरिकेत मांडलेलं हे तंत्र प्रकाश किती खोलवर जाऊन परत आला, ते अतिशय सूक्ष्मपणे मोजतं. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तेच तंत्र वेल्डिंगच्या कीहोलमध्ये वापरलं. मुख्य लेझरच्या सोबतीने एक मंद किरण भोकात सोडायचा, तळाशी आपटून परत आलेला प्रकाश मूळ प्रकाशाशी जुळवायचा, आणि त्यावरून भोकाची खोली काढायची. वेल्डिंग चालू असतानाच. या संशोधनातून २०१२ मध्ये एक कंपनी उभी राहिली आणि २०१७ मध्ये फायबर लेझर बनवणाऱ्या आयपीजी फोटॉनिक्सने ती विकत घेतली.

आधी सांधा करायचा, मग त्यातले काही सोलून, कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, ही जुनी पद्धत. त्यात कापलेला सांधा वाया जातो आणि न कापलेल्यांबद्दल अंदाज करावा लागतो. डोंबिवलीजवळच्या प्रीमियरच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ बनत असे. त्या काळातल्या कार कारखान्यांत बॉडीचे स्पॉट वेल्ड तपासायची नेहमीची पद्धत म्हणजे छिन्नी आणि हातोडी. बॉडीवर हजारो स्पॉट असतात, पाच-दहा कच्चे निघाले तरी बाकीचे भार पेलतात, म्हणून ते चालून जायचं. माळेत जोडलेल्या बॅटरीत ते चालत नाही.

'खोटा मित्र' आणि खोटा अलार्म

इथवर वाचून प्रश्न सुटला असं वाटेल. तसं नाही.

वेल्डिंगच्या तंत्रज्ञांमध्ये एका दोषाला 'खोटा मित्र' म्हणतात. वरून बघितलं तर सांधा सुरेख, खोली हवी तेवढी, दोन्ही पत्रे वितळलेले. पण दोघांमध्ये फट होती, वरचा वेगळा वितळला, खालचा वेगळा, आणि एकमेकांत मिसळले नाहीत. ओसीटी भोकाची खोली बरोबर दाखवेल, कारण भोक खरंच तेवढं खोल होतं. फोटोडायोडच्या आलेखात फरक पडतो, पण तो बारीक असतो. म्हणूनच नुसत्या सेन्सरवर भिस्त न ठेवता, पत्रे घट्ट दाबून धरणारं फिक्श्चर नीट असणं आणि नंतर सांध्याचा रोध मोजणं, हे दोन्ही लागतं. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात हा भाग बहुधा छोट्या अक्षरांत असतो.

दुसरी अडचण अगदी घरगुती आहे. लेझरच्या डोक्याखाली एक संरक्षक काच असते. उडणारे थेंब आणि धूर तिच्यावर बसतात. काच मळली की खाली जाणारा किरण कमजोर होतो आणि वर येणारा प्रकाशही. आलेख हळूहळू खाली सरकतो. सांधा खराब झाला की काच मळली? मशीनला फरक कळेलच असं नाही. काच बदलण्याचं वेळापत्रक पाळलं नाही, तर महागडी यंत्रणा निरुपयोगी ठरते.

तिसरी अडचण आकड्यांची, आणि तीच सगळ्यात कमी समजली जाते. समजा एका कारखान्यात दिवसाला एक लाख सांधे होतात आणि त्यातले खरोखर कच्चे १० आहेत. यंत्रणा त्यातले ९ पकडते. उत्तम. पण ती चांगल्या सांध्यांपैकी अर्ध्या टक्क्यालाही चुकून लाल दिवा दाखवते. म्हणजे सुमारे ५०० खोटे अलार्म. दिवसभरात ५०९ वेळा दिवा लागला आणि त्यातले फक्त ९ खरे. शंभरातले दोनही नाहीत. आठवडाभरात ऑपरेटर दिव्याकडे बघणं सोडतो, आणि महिन्याभरात कुणीतरी पट्टा थोडा रुंद करून ठेवतं, 'प्रॉडक्शन अडतंय' म्हणून. तिथून पुढे खरे दोषही सुटायला लागतात. यात ऑपरेटरचा दोष कमी. पट्टा कुठे आखायचा, हे ठरवणारं ज्ञान कारखान्यात नव्हतं, हे खरं कारण.

कृत्रिम बुद्धिमत्ता इथे मदत करते आणि सध्या या क्षेत्रातलं बरंच संशोधन त्याच दिशेने चाललं आहे. तीन आलेख वेगवेगळे न बघता एकत्र बघायचे, आणि संगणकाला दोषांचे नमुने शिकवायचे. पण शिकवायला खराब सांधे लागतात, आणि चांगल्या कारखान्यात तेच मिळत नाहीत. मग मुद्दाम खराब सांधे बनवावे लागतात: पत्र्यांमध्ये पातळ पट्टी सरकवून फट ठेवायची, तेल लावायचं, फोकस हलवायचा, आणि प्रत्येक सांधा कापून खरं काय झालं ते नोंदवायचं. कंटाळवाणं काम, पण त्याशिवाय 'एआय' हे नुसतं बोर्डावरचं अक्षर.

आणखी एक गैरसमज. 'रिअल टाइम' म्हणजे चूक झाली की मशीन तिथल्या तिथे सुधारतं, असं अनेकांना वाटतं. बहुतेक यंत्रणा तसं करत नाहीत. त्या फक्त सांगतात की अमुक नंबरचा सांधा संशयास्पद आहे. पुढे तो पुन्हा वेल्ड करायचा की अख्खं मॉड्यूल बाजूला ठेवायचं, हे माणूस ठरवतो.

वागळे इस्टेट ते डोंबिवली: गाळेवाल्यांचं काय?

१९६२ मध्ये एमआयडीसीची सुरुवात झाली ती ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून. त्यातल्या बऱ्याच शेडच्या जागी आज आयटी पार्क उभे आहेत. तरी वागळे, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यात इंजिनिअरिंगची छोटी युनिट टिकून आहेत: पत्र्याचं काम, पॅनल, कॅबिनेट, एसएस फॅब्रिकेशन, मोठ्या कंपन्यांचं जॉब वर्क.

देशभरातल्या अशा शेडमध्ये गेल्या काही वर्षांत हातात धरून चालवायची लेझर वेल्डिंग मशीन पोचली आहेत. दीड-दोन किलोवॅटचा फायबर लेझर, पिस्तुलासारखं हँडल. वेग टिगपेक्षा कितीतरी जास्त, पत्रा वाकडा होत नाही, घासकाम कमी, आणि नवा माणूसही थोड्या दिवसांत बऱ्यापैकी काम काढतो. छोट्या मालकाला हे परवडतं, म्हणून तो घेतो. यात चूक काही नाही.

पण या मशीनमध्ये वर वर्णन केलेली देखरेख सहसा नसते. तयार झालेला वेल्ड दिसतो गुळगुळीत, देखणा, आणि तोच त्याचा धोका. टिगच्या वेल्डमध्ये कच्चेपणा बऱ्याचदा वरून कळतो. लेझरचा वेल्ड वरून चकचकीत असूनही आत खोल गेलेला नसू शकतो. जिन्याच्या रेलिंगला किंवा किचनच्या ट्रॉलीला त्याने फारसं बिघडत नाही. बॅटरीचा खोका, बसबार किंवा दाबाखाली चालणारं भांडं असेल तर बिघडतं.

डोळ्यांचा मुद्दा तर त्याहून तातडीचा आहे. हे लेझर 'क्लास ४'मध्ये मोडतात, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गात. प्रकाश दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही, आणि ॲल्युमिनियम किंवा तांब्यावरून परतलेला किरणही डोळ्याचा पडदा कायमचा जाळू शकतो. वेल्डिंगची नेहमीची काळी काच यासाठी बनवलेली नसते. १,०७० नॅनोमीटरसाठी प्रमाणित केलेला चश्मा लागतो, तोही चालवणाऱ्याला आणि शेजारी उभ्या असलेल्या हेल्परलाही. शेडचं शटर उघडं ठेवून रस्त्याच्या कडेला हे मशीन चालवणं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांशी खेळ आहे.

धंद्याच्या दृष्टीने बदल असा येतो आहे की मोठा ग्राहक फक्त माल मागत नाही, मालाची नोंद मागतो. आजवर लॉटसोबत चलन आणि फार तर तपासणीचा एक कागद जायचा. आता प्रत्येक सांध्याचा आलेख, तारीख, मशीनच्या सेटिंग आणि सेलचा नंबर, हे एकत्र जोडून मागितलं जाऊ शकतं. फोटोडायोड ही स्वतः स्वस्त वस्तू. खर्च होतो तो भिंगांच्या जुळणीवर, नोंदी साठवण्यावर आणि पट्टा आखू शकणाऱ्या माणसावर. एकट्या गाळेवाल्याला तो जड जाईल. औद्योगिक संघटना किंवा शासनाच्या सामायिक सुविधा केंद्राने सांधे कापून तपासण्याची प्रयोगशाळा आणि एक शिकवणारा माणूस उपलब्ध केला, तर दहा युनिटना मिळून ते झेपेल. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एका वर्षाचा आहे. आलेख वाचायला शिकलेला वेल्डर हा पट्टा इंजिनिअरपेक्षाही चांगला आखू शकतो, कारण धातू कसा वागतो ते त्याने हाताने अनुभवलेलं असतं.

नियम काय बघतात, आणि महापालिका काय विचारू शकते?

२०२२ मध्ये ई-स्कूटरना लागलेल्या आगींनी देशभर खळबळ उडाली. मार्चमध्ये पुण्यात, एप्रिलमध्ये नाशिकमध्ये. सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट झाला आणि त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा दगावला. अशा आगींची कारणं अनेक असतात: सेलची प्रत, चार्जर, बॅटरीवर नजर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, उष्णता. सगळ्याचं खापर वेल्डवर फोडणं चुकीचं ठरेल. पण त्यानंतर केंद्राने बॅटरीचे नियम कडक केले. दुचाकी-तीनचाकींसाठी एआयएस-१५६ आणि कार-बससाठी एआयएस-०३८ यांतले बदल १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. एक सेल पेटला तर आग बाकीच्यांत किती पसरते, याची चाचणी त्यात आहे.

या चाचण्या नमुन्याच्या बॅटरीवर होतात. कारखान्यात रोज होणाऱ्या प्रत्येक सांध्याकडे बघायचं काम त्या करत नाहीत, ते उत्पादकाच्या गुणवत्ता व्यवस्थेवर सोडलेलं आहे. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून वाहनांच्या बॅटरीला डिजिटल 'पासपोर्ट' सक्तीचा होणार आहे. त्यातही सांध्यांचे आलेख मागितलेले नाहीत, पण बॅटरी कुठून आली, कशी बनली याची नोंद ठेवायची सवय त्यामुळे लागेल, आणि युरोपला माल पाठवणाऱ्यांच्या पुरवठादारांपर्यंत ती झिरपेल.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या ई-बसबाबत एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या बस परिवहन सेवेच्या मालकीच्या नसतात. ठेकेदार बस आणतो, चालवतो, दुरुस्त करतो आणि त्याला किलोमीटरमागे पैसे मिळतात. पीएम ई-बस सेवेत केंद्राची मदत १० वर्षांसाठी आहे. त्यामुळे बॅटरी बिघडली तर खर्च ठेकेदाराचा, हे खरं. पण बस डेपोत उभी राहिली की स्टॉपवर ताटकळतो तो प्रवासी. आणि बॅटरी पेटली तर ती कुणाच्या मालकीची होती, हा प्रश्न आत बसलेल्यांसाठी गौण असतो.

निविदेत आज बसची लांबी, आसनं, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, किती बस रोज रस्त्यावर हव्यात, अशा अटी असतात. त्यात तीन ओळींची भर घालता येईल. बॅटरीतल्या सांध्यांची तपासणी वेल्डिंग होत असताना केली होती का? त्या नोंदी बॅटरीच्या नंबरनिशी कराराची मुदत संपेपर्यंत जपल्या जातील का? आणि एखादी बॅटरी बिघडली, तर त्या नोंदी परिवहन सेवेच्या इंजिनिअरना बघायला मिळतील का? यासाठी महापालिकेला एकही सेन्सर विकत घ्यावा लागत नाही. एका बॅटरीत कच्चा सांधा सापडला, तर त्याच दिवशी, त्याच मशीनवर, त्याच मळक्या काचेखाली झालेले सांधे आणखी कुठल्या बसमध्ये आहेत, ते डेपोत बसून काढता येईल.